दवाखान्याचं बलुतं

आमच्या गावाला दवाखाना नव्हता आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नव्हतं. जे कधी पाहिलंच नाही त्याचं वाईट कसं वाटणार, सांगा बरं. पाथर्डीच्या बाजूला डोंगराच्या पोटाशी आमचं गाव. माणूस आजारी पडलं की पडायचं, उठलं की कामाला लागायचं, आणि नाहीच उठलं तर चार दिवस रडून मग आपण कामाला लागायचं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालापर्यंत असंच चाललं होतं. त्या साली मात्र आमच्या बाजाराच्या दिवशी नगरहून एक जीप यायला लागली आणि तिच्यातून पांढऱ्या पातळातल्या एक नर्सबाई उतरायला लागल्या.

बाई भिंगारच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं शहरी पण आवाज असा की चावडीवरून बोलल्या तर वेशीपाशी ऐकू यावं. पहिले काही आठवडे त्यांनी फुकट गोळ्या दिल्या, पोरांचे कान धुतले, म्हाताऱ्यांचे डोळे पाहिले. मग एक दिवस मारुतीच्या पारावर गाव गोळा करून सरळ विषय काढला.

"असं फुकट किती दिवस चालेल? नगरचा दवाखाना म्हणतो, सगळ्या गावानं मिळून वर्षाचं काहीतरी द्या. मग आठवड्याला जीप येईल, औषध मिळेल, आणि कुणाला नगरला न्यायची वेळ आली, अगदी ऑपरेशन लागलं, तरी वेगळं काही द्यायचं नाही. पण गाव सगळं आलं पाहिजे. नुसते आजारी लोक आले तर नाही परवडायचं."

झालं. तिथून जी वादावादी सुरू झाली ती जोंधळा खळ्यावर येईपर्यंत थांबली नाही.

आमचे चुलतसासरे सगळ्यात पुढं. अंगापिंडानं धष्टपुष्ट, मिशीला तूप लावणारे. ते म्हणाले, "बाई, मला उभ्या जन्मात ताप म्हाईत न्हाई. मी का भरू? ज्येला ताप यील त्यो भरंल."

बाई म्हणाल्या, "ताप येईल तेव्हा त्याच्याजवळ असेल का?"

"त्येला मी काय करू?"

कुणीतरी म्हणालं, सरकारनं द्यावं. कुणी म्हणालं, ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त द्यावं. त्यावर चुलतसासरे उसळले, "जमीन जास्त हाय म्हनून माझं पोट काय दोन जागी दुखतं व्हय?" सगळा पार हसला. आम्ही बायका देवळाच्या मागं उभ्या होतो. आम्हीही पदरात हसलो. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्या तर हसल्याही नाहीत. चालता चालता एवढंच म्हणाल्या, "आपल्या घरात कोन आजारी हाय? चल, भाकरी टाकायच्यात." आत्याबाई म्हणजे कडक काम. दुसऱ्याच्या दारात पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. आपण आणि आपलं घर.

वाद सुटला तो एका साध्या बोलण्यानं. आमच्यात कशी रीत होती बघा, सुताराला, लोहाराला, न्हाव्याला वर्षाचं बलुतं. नांगर मोडो न मोडो, सुगीला खळ्यावरून त्याच्या वाटणीचं धान्य जायचंच, औतामागं ठरलेलं. मग वर्षभर तुमचा नांगर मोडला की सुतार काही न मागता बसवून देणार. एक म्हातारे गृहस्थ पारावर तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "म्हंजी बाई, तुमी आमच्या बलुतेदारच की!"

आणि सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. हे कसं कुणाला आधी सुचलं नाही! नांगर मोडायच्या आधी सुताराला देतोच की आपण. न्हावी तेवढा मागून म्हणाला, "बाई, खळ्यावर पाटी घिऊन उभं ऱ्हावं लागतं, तवा कळंल बलुतं म्हंजी काय." पण बाई हसून म्हणाल्या, "राहीन की उभी."

तर ठरलं. शिमग्याच्या आत प्रत्येक औतामागं जोंधळा देवळाच्या मंडपात आणून एकाच राशीत टाकायचा. ज्यांच्याकडं औत नाही, पण जे बारा महिने गावात राबतात, त्यांनी बाईंसाठी चावडीशेजारची खोली बांधून सारवून द्यायची. तेच त्यांचं बलुतं.

आता एक गंमत सांगते, नाहीतर विसरेन. पुढच्याच बाजाराला चुलतसासरे आपला बैल घेऊन जीपपाशी हजर. बैलाचा खांदा सुजलेला.

"बाई, खांदा बघा."

"अहो, मी माणसांची नर्स आहे!"

"आमचा सुतार नांगर बघतो आन् गाडा बी बघतो. बलुतेदार म्हनल्यावर सगळंच बघायचं आसतं."

माणसं जमली. बाईंनी एकदा बैलाकडं पाहिलं, एकदा चुलतसासऱ्यांच्या मिशीकडं. मग पातळाचा ओचा खोचला, बादलीत ते जांभळं औषध कालवलं आणि बैलाचा खांदा स्वच्छ धुऊन काढला. बैलानं शेपटीचा फटका दिला तो त्यांच्या पांढऱ्या टोपीवर बसला. चुलतसासरे गावभर सांगत सुटले, "बाई आपली हाय." त्या दिवसापासून त्यांचं औत पक्कं झालं. एका बैलानं जे केलं ते दवाखान्याला महिनाभर बोलून जमलं नव्हतं.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. आता माझ्या मैत्रिणीचं सांगते.

ती आणि मी एकाच साली लग्न होऊन गावात आलो. तिचं घर ओढ्याच्या पलीकडं. त्यांना जमिनीचा एक खडकाळ तुकडा, औत नाही. दसरा झाला की नवरा-बायको ऊसतोडीला खाली कारखान्यांकडं जायची ती चैत्र उलटल्यावर परत. त्या साली ती माघातच एकटी परत आली. पोटुशी होती, पाय सुजलेले. नवरा तिकडंच दुसऱ्या कुणाच्या जोडीनं तोडायला राहिला. याआधी तिची दोन बाळंतपणं उसाच्या फडातच झाली होती, आणि दोन्ही लेकरं आडवी येऊन गेली. दुसऱ्या खेपेला तीच जगते की नाही असं झालं होतं. ते तिनं मला विहिरीवर सांगितलं होतं, घागर भरता भरता, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगतेय.

तिला मी बाईंकडं नेलं. आत्याबाईंनाही निघावं लागलं, कारण सुनेनं एकटीनं जीपपाशी जायचं नाही असं त्यांचं म्हणणं. बाईंनी मैत्रिणीला खोलीत बाजेवर निजवलं, पोट चाचपलं, कंबर मोजल्यासारखी दाबून पाहिली. मग म्हणाल्या, "हिच्या हाडाची वाटच अरुंद आहे. घरी नाही व्हायचं हे बाळंतपण. नगरला नेऊन पोट उघडून मूल काढावं लागेल. पाडव्यानंतर लगेच."

आत्याबाई दारातून म्हणाल्या, "पोट उघडून? आन् मग बाई जगती व्हय?"

"जगते. बाळही जगतं."

"बाळ जित्तं हाय कशावरनं?" आत्याबाईंचा सूर भांडणाचा होता. तेव्हा बाईंनी पिशवीतून एक लाकडी नळकांडं काढलं, एका तोंडाला कर्ण्यासारखं पसरट. ते मैत्रिणीच्या पोटावर टेकवलं, आपला कान लावला, जागा धरून ठेवली आणि म्हणाल्या, "या. तुम्हीच ऐका."

आत्याबाई आधी हलेनात. मग आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू देवळात शिरतायत, आणि वाकून कान लावला.

त्या तशाच राहिल्या. खोलीत माश्यांचा आवाज तेवढा. मी त्यांचा चेहरा पाहत होते. आमच्या लग्नानंतर त्या चेहऱ्यावर मी राग पाहिला, हिशेबीपणा पाहिला, क्वचित हसूही पाहिलं. पण हे कधी पाहिलं नव्हतं. तोंड किंचित उघडं, डोळे मिटलेले, लहान पोर झोपेत दिसतं तसं. बऱ्याच वेळानं त्या कुजबुजल्या, "आगं बया, ह्ये तर लई घाईत हाय!"

मलाही बाईंनी ऐकवलं. घरट्यातून पडलेली चिमणी तुम्ही कधी मुठीत धरली असेल तर तिच्या छातीचं जसं हाताला लागतं ना, तसं ते कानाला लागत होतं. भरभर, भरभर. बाहेर बाजार भरलेला, शेरडं ओरडतायत, आणि इथं आत एक माणूस कुणाला न दिसता आपलं काम करतंय. मी स्वतः दोन लेकरांची आई झालेली होते, पण हे कधी ऐकलं नव्हतं. माझी लेकरं पोटात असताना अशीच धावत होती आणि मला पत्ता नव्हता!

पण नगरला नेणार कसं? दवाखान्याचा नियम असा की गावच्या राशीत ज्या घराचं बलुतं, त्याच घराचं ऑपरेशन त्यात धरायचं. आणि मैत्रिणीच्या घराचं बलुतंच नव्हतं. औत नाही. खोली सारवायला ती दोघं गावात नव्हती.

पुन्हा पार भरला.

कुणी म्हणालं, ती अर्धं साल गावात असतात, निम्मंच घ्या. चुलतसासरे म्हणाले, "आन् दुखनं काय निम्मं येतं व्हय?" कुणी म्हणालं, तोडणीला नेणाऱ्या मुकादमानं द्यावं. कुणी म्हणालं, ऊस कारखान्याचा तोडतात तर कारखान्यानं द्यावं. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. कारखान्याकडं कोण जातं विचारायला?" त्यावर सगळे आपापल्या पायाकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, आज हिला धरलं तर उद्या ओढ्याच्या पलीकडची सगळी घरं येतील, मग आमच्या जोंधळ्यात पुरायचं कसं? त्याचंही अगदी खोटं नव्हतं. साल बेताचंच होतं.

शेवटी चुलतसासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. "चला, मी देतो तिच्या वाटचं. माझ्या खळ्यावरनं. झालं?"

मला वाटलं, सुटलं बाई एकदाचं! पण मैत्रीण देवळाच्या कोपऱ्यात पाय पसरून बसली होती, ती तिथूनच बोलली. "नगं मामा. तुमी आज द्याल, आन् माझं लेकरू जन्मभर तुमच्या बांधावर राबंल. तुमच्या उपकारापायी. माझा बा तसाच राबला."

चुलतसासरे लालबुंद झाले. "आगं, जीव जाईल तुजा!"

"जाईल," ती म्हणाली. आवाज चढवला नाही की काही नाही.

बाई काही बोलणार तेवढ्यात आत्याबाई देवळामागून पुढं आल्या. पुरुषांच्या बैठकीत आमच्या घरची बाई कधी पुढं आली नव्हती. मी त्यांचा पदर धरला, तर त्यांनी माझा हात झटकून टाकला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या वढ्याकडच्या रानात कनसं खुडून झाली?"

"झाली की वहिनी. का?"

"मग उद्या तिथं सरवा वेचायला मानसं येत्याल. हाकलू नगा."

एवढंच बोलून त्या घराकडं निघाल्या.

सरवा म्हणजे काय ते आता नव्या पिढीला सांगायला हवं. सुगी झाली की रानात जी चुकार कणसं पडलेली राहतात, जमिनीच्या भेगांत, ढेकळांखाली, ताटांच्या बुडाशी, तो सरवा. तो धन्यानं उचलायचा नसतो. ज्यांच्या घरी पीक नाही अशा बायका, पोरं येऊन वेचतात, आणि त्यांना कुणी अडवायचं नसतं. पण औतवाल्या घरच्या बाईनं सरव्याला वाकणं म्हणजे घराची लाज गेली. माझ्या माहेरी तर एकीला त्यावरून सासरच्यांनी बोलबोल बोलून रडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर आत्याबाईंनी पाटी घेतली. मला म्हणाल्या, "येतीस का लाजतीस?"

"आत्याबाई, लोक काय म्हनतील?"

"म्हनूं देत. कान माजे हायती. ऐकायचं का न्हाई मी बघीन."

ओढ्याकडच्या रानात ऊन चढलं होतं. बांधावर बाभळीच्या सावलीत मैत्रीण बसली, कारण बाईंनी तिला वाकायला मनाई केलेली. आणि माझी सासू, जी कुणाच्या दारात पाणी प्यायली नाही, ती त्या भेगाळलेल्या काळ्या रानात वाकली. गुडघ्यावर हात टेकला, एक कणीस उचललं, मातीवर झटकलं, पाटीत टाकलं. मी बघतच राहिले. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. मग मीही वाकले.

ओढ्यापलीकडच्या दोन म्हाताऱ्या नेहमीप्रमाणं सरव्याला आल्या होत्या. त्या आम्हाला पाहून आधी रागावल्या, की आता ह्या औतवाल्या आमचा सरवा बी खानार! आत्याबाईंनी कुणासाठी ते सांगितलं, तर त्या आपल्या पाट्या उचलून आमच्या ओळीत आल्या. मग शेजारच्या रानातून एक आली. मग न्हाव्याच्या घरची. मग, खरं सांगते, चुलतसासऱ्यांची स्वतःची बायको आली, डोक्यावरून पदर इतका पुढं ओढलेला की रस्ता तरी दिसत होता की नाही कोण जाणे. आपल्याच रानात सरवा वेचायला आलेली धनीण मी तेवढीच पाहिली. आत्याबाई तिला म्हणाल्या, "तू नगं. तू धनीन हायीस. तुजा हात लागला तर त्यो सरवा ऱ्हायचा न्हाई." तर ती म्हणाली, "मग मी पानी वाढते," आणि घागर घेऊन फिरत राहिली.

वेचलेली कणसं आम्ही बांधावर नेऊन टाकायचो आणि मैत्रीण बसल्या बसल्या ती काठीनं बडवायची. पोट पुढं, पाय लांब, हातात काठी. दाणे उडून तिच्या केसांत बसत होते. मधेच थांबायची, पोटावर हात ठेवायची, परत बडवायची.

पाटी घेऊन आम्ही मंडपात गेलो तेव्हा मापारी बाकीची रास मापत होता. मापताना कुणी बोलत नाही आमच्यात. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. चुलतसासरेही तिथं होते, त्यांनी मापाऱ्याला हातानं थांबवलं. म्हणाले, "वहिनी, वेचला तुमी. म्हंजी ह्ये तुमचंच झालं. मी दिलेलं तिला चालंना, मग तुमी दिलेलं कसं चालतं?"

प्रश्न बरोबर होता हो. सगळे आत्याबाईंकडं बघायला लागले.

"भावजी, सरव्याला धनी आसतो का?"

"न्हाई."

"जो टाकून गेला त्येचा न्हाई. वेचनारीनं घरी न्हेला तर तिचा. आमी घरी न्हेला न्हाई. बडवला हिनं. मग हिचा म्हनलं तर कुनाचं काय बिघडलं?"

चुलतसासरे पुढं झाले. मग त्यांनीच मापाऱ्याच्या हातातलं माप घेतलं, मैत्रिणीच्या पाटीत बुडवलं, काठोकाठ भरलं आणि राशीवर ओतताना मोठ्यानं म्हणाले, "लाभ!"

दाणे घसरत खाली गेले आणि राशीत मिसळले. मी डोळे फाडून पाहत होते, आपला कोणता, त्यांचा कोणता, शेजाऱ्यांचा कोणता, सरव्याचा कोणता. काही कळेना. ज्यांचं आमच्याशी बांधावरून वाकडं, त्यांचाही त्यातच होता. हे सगळं धान्य एका बाईच्या पोटातल्या त्या घाईत असलेल्या जिवासाठी निघालं होतं, आणि उद्या माझ्या लेकराला ताप आला तर त्याच्यासाठीही. पुढच्या साली पाऊस हरवला, सगळं गाव खडी फोडायला गेलं आणि मंडपात रास पडलीच नाही. पण ती एक रास मी पाहिली. तेवढं मोठं काही मी पुढं क्वचितच पाहिलं.

पाडव्यानंतर जीपनं आम्ही तिला नगरला नेलं. आत्याबाई, मी आणि ती. आत्याबाईंनी नगर पहिल्यांदाच पाहिलं, पण त्यांचं लक्ष रस्त्यावर नव्हतंच. सकाळी तिला आत नेलं. आम्ही दोघी ओवरीत बसलो. आत्याबाई जप करत नव्हत्या, नुसत्या दाराकडं बघत होत्या. मग दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी.

"दोघं बी?" आत्याबाईंनी विचारलं.

"दोघी," बाई म्हणाल्या. "मुलगी आहे. आईही चांगली आहे."

लेक लालभडक होती, कपाळावर आठ्या, आपल्याला न विचारता बाहेर का काढलं म्हणून चिडल्यासारखी. आत्याबाईंनी तिच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुपारी आम्हाला खोलीत सोडलं. मैत्रीण ग्लानीत होती. लांबच लांब खोली, दोन्हीकडं खाटा. आत्याबाई जरा वेळ बसल्या आणि मग उठून खाटा खाटांवरून फिरायला लागल्या. मला वाटलं, बाळं बघतायत. मागून गेले तर काय, प्रत्येकीला एकच विचारतायत.

"तुजं कोन देतं गं?"

भिंगारची एक म्हणाली, "नवरा लष्करात कामाला हाय. तेच देत्यात." केडगावची म्हणाली, "सासऱ्यानं म्हैस इकली." शेवटच्या खाटेवर सुप्याच्या बाजूची एक पोर होती, अगदी कोवळी, उद्या तिला आत न्यायचं होतं. ती म्हणाली, "भाऊ बघतो म्हनलाय. आजून आला न्हाई."

आत्याबाई तिच्याजवळ खाटेवरच टेकल्या. "आन् गाव?"

"गावाचं काय?"

"गाव काय देत न्हाई?"

पोर त्यांच्याकडं अशी बघायला लागली, जसं म्हातारीला काही झालंय.

आत्याबाई उठल्या, थेट बाईंपाशी गेल्या. "बाई, त्या पोरीच्या गावाला कुनी सांगितलं हाय का, आपल्या राशीचं?"

"नाही अजून. तिकडं आमची जीप जाते, पण कुणी ऐकत नाही. आम्हाला वाटतं तुमच्यासारखं कुणी..."

"कवा जाती जीप?"

"आत्ताच निघतेय. का?"

मी आत्याबाईंचा पदर पुन्हा धरला. या खेपेला त्यांनी झटकला नाही, हळूच सोडवून घेतला. "तू हिच्यापाशी बस. दूध पाज म्हनावं लेकीला, रडली तर."

"आवो आत्याबाई, त्या गावात आपलं कोन हाय? कुनाच्या दारात उतरनार?"

"ज्येचं दार उघडं आसंल त्येच्या."

"आन् घरी काय सांगू? मामंजी इचारतील!"

"सांग, येती म्हनावं. तवर भाकरी थापून खा म्हनावं, हात काय झिजत न्हाईत."

ड्रायव्हरनं दार धरलं. त्यांनी आधी जीपच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला, मग ओचा सावरला आणि वर चढून पुढच्या शिटावर मांडी घालून बसल्या. आमचं गाव उगवतीला. जीप दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडली आणि मावळतीकडं, सुप्यावरून जाणाऱ्या पुण्याच्या रस्त्याला लागली.